धावायचंय, पदवीही हवीय: रेग्युलर कॉलेज की दूरशिक्षण?

बारावीचा निकाल लागला की ट्रॅकवरची मुलं हमखास विचारतात, "ताई, रेग्युलर घेऊ की आयडॉल?" मी कॉलेजात असताना आठशे मीटर पळायचे, आता सकाळी या मुलांचा सराव घेते. दोन्ही वाटांनी गेलेली मुलं जवळून पाहिली आहेत.

दूरशिक्षणाचा मोह पडतो, यात नवल नाही. मुंबई विद्यापीठात ही सोय, म्हणजे त्यांची दूरशिक्षण संस्था आयडॉल, 1971 पासून आहे. नाव आता सीडीओई झालंय, पण तोंडात आयडॉलच बसलंय. रोजची हजेरी नाही. सकाळी वर्कआऊट, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा ट्रॅक. डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून कांदिवलीच्या साईला, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात, सरावाला जाणाऱ्या पोरीला दुपारची ती झोप किती मोलाची असते, हे तिच्या पोटऱ्यांना विचारा.

पण फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायला पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असावं लागतं. दूरशिक्षण घेतलं की कॉलेजचा संघ गेला, विद्यापीठाचा गेला आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सची वाटही बंद झाली. उरतात त्या जिल्हा आणि राज्य संघटनेच्या स्पर्धा. राष्ट्रीय शिबिरात ज्याचं नाव आधीच लागलंय, त्याचं यात काही अडत नाही. त्याने खुशाल दूरशिक्षण घ्यावं. बाकीच्यांना मात्र पळायला स्पर्धाच कमी पडतात, आणि अठरा ते एकवीस या वयात स्पर्धा नसणं मला फार घातक वाटतं. नुसत्या सरावावर टायमिंग खाली येत नाही.

म्हणून माझं मत रेग्युलरकडे झुकतं. पण त्यातही शाखा आणि शिफ्ट बघून घ्या. हजेरी 75 टक्के लागते. कॉमर्स-आर्ट्सला बऱ्याच ठिकाणी सकाळी सातला लेक्चर्स सुरू होतात आणि दुपारपर्यंत मोकळं होता येतं. स्प्रिंटर किंवा लांब उडीवाल्याला हे सोयीचं, त्याचा सराव संध्याकाळी होतो. पाच हजार, दहा हजार मीटरवाल्याला मात्र पहाटच हवी. मुंबईच्या दमट हवेत नऊनंतर लांबचं पळणं म्हणजे अंगातलं पाणी घालवणं. त्याने दुपारची शिफ्ट शोधावी, घरापासून दोन स्टेशनं लांब असली तरी चालेल.

सायन्स घेतलंत तर प्रॅक्टिकल्स आली. लेक्चर बुडालं तर मैत्रिणीची वही मिळते, टायट्रेशन कुणाकडून उसनं मिळत नाही. दुसऱ्या वर्षाला मी शिबिराहून परतले तेव्हा नोटीस बोर्डावरच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे हजेरी कमी भरलेल्यांच्या यादीत, माझं नाव होतं. रजेचं पत्र जिमखान्यातून, म्हणजे कॉलेजच्या क्रीडा विभागातून, माझ्या विषयाच्या विभागापर्यंत पोहोचलंच नव्हतं. जर्नलच्या चार प्रयोगांवर सह्या नाहीत, बॅगेत अजून ओले स्पाइक्स. त्या सेमिस्टरला केटी लागली, म्हणजे विषय राहिला आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागली. तरी मी सायन्सला नको म्हणणार नाही, आवड असेल तर जरूर घ्या. फक्त पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवा आणि विभागप्रमुखांच्या हातात स्वतः नेऊन द्या.

आणि ज्यांच्या घरी "खेळून पोट भरतं का?" हा प्रश्न रोज होतो, त्यांच्यासाठी: राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेतही क्रीडा कोट्यातून भरती होते. तिथे ठरावीक पातळीच्या स्पर्धेतली कामगिरी बघतात, त्यामुळे प्रमाणपत्रांची फाईल पहिल्या वर्षापासून जपा. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रम म्हणून खेळाचे क्रेडिटही मिळू शकतात, तुमच्या कॉलेजात ते कसे देतात हे विचारून घ्या.

प्रवेशाची यादी लागण्याआधी एकदा त्या कॉलेजच्या जिमखान्यात जाऊन या. गेल्या वर्षी ॲथलेटिक्सचा संघ गेला होता का, आणि परत आल्यावर त्या मुलांच्या बुडालेल्या इंटर्नल परीक्षा पुन्हा घेतल्या का, हे तिथल्या सरांना विचारा. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या खेळाडूला तेच विचारा.