‘लेक्स आर्काना’ : काही महिने खेळल्यानंतरचा अनुभव

रोमन सैनिक आणि अमानवी शक्ती यांची गाठ घालून देणारे टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळाडूंनी पात्रे वठवायची आणि एकाने कथा चालवायची असे खेळ, बरेच आहेत. त्यांपैकी ‘लेक्स आर्काना’ हा मूळचा इटालियन खेळ आमचा पुण्यातील गट गेले काही महिने सातत्याने खेळत आहे. १९९३ साली तो इटलीत प्रथम प्रसिद्ध झाला, पुढे लोकवर्गणीतून त्याची नवी आवृत्ती निघाली आणि तिचे इंग्रजी रूपही उपलब्ध झाले. आम्ही तेच वापरतो. खेळ चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे हा अनुभव मुख्यतः चालवणाऱ्याच्या बाजूने लिहिला आहे. नियमपुस्तक चाळून झालेले पहिले मत आणि प्रत्यक्ष खेळून झालेले मत यांत या खेळाच्या बाबतीत मोठे अंतर पडते, म्हणूनच लिहायला इतके दिवस थांबलो.

खेळाचा काळ इ. स. ४७६, म्हणजे रोमन कालगणनेनुसार नगरस्थापनेपासूनचे १२२९ वे वर्ष. प्रत्यक्ष इतिहासात याच वर्षी ओडोएसर या जर्मानिक सरदाराने रोम्युलस ऑगस्टुलस या कोवळ्या वयाच्या सम्राटाला पदच्युत केले आणि पश्चिमेकडील साम्राज्याचा शेवट म्हणून इतिहासकारांनी हेच वर्ष नोंदवले. खेळात मात्र साम्राज्य अभंग आहे, कारण राज्यकर्त्यांनी भविष्यकथनाला राज्यकारभारात मानाचे स्थान दिले आहे आणि जुने देव अजून पूजले जातात. सम्राटाच्या ज्या प्रेटोरियन रक्षकदलाला कॉन्स्टंटाइन या सम्राटाने ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलाच्या लढाईनंतर कायमचे बरखास्त केले, ते दलही येथे जिवंत आहे, आणि त्याच्याच अखत्यारीत ‘कोहॉर्स ऑक्झिलियारिया आर्काना’ नावाची एक खास तुकडी काम करते. खेळाडू या तुकडीचे सदस्य असतात. त्यांना ‘कुस्टोडेस’ म्हणतात, आणि साम्राज्यात कोठेही काही अघटित घडले की त्याचा तपास त्यांच्याकडे येतो.

ही कल्पना आकर्षक आहे, पण तिची किंमतही मोजावी लागते. साम्राज्य सुखरूप आहे म्हटल्यावर पाठीशी कायम कोणीतरी आहे असे खेळाडूंना वाटत राहते. वाट चुकली तर पुढच्या चौकीवर घोडे मिळतील, प्रकरण हाताबाहेर गेले तर रोमला पत्र धाडता येईल, असा दिलासा भीतीला मारक ठरतो. काळोख्या कथेची अपेक्षा ठेवून हा खेळ घेणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे, कारण पुस्तकाचा एकंदर सूर भयापेक्षा पराक्रमाचा आहे आणि काळोख चालवणाऱ्याला स्वतः आणावा लागतो. तो कोठून आणावा याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण माझ्या मते या खेळाची खरी मजा तेथेच आहे.

त्याआधी फाशांविषयी लिहायला हवे, कारण इतक्या साध्या नियमातून इतका विचार करायला लावणारी पद्धत मी दुसऱ्या खेळात पाहिलेली नाही. समजा, एखाद्या कामात पात्राची क्षमता १२ आहे. खेळाडू बारा बाजूंचा एकच फासा टाकू शकतो, सहा बाजूंचे दोन टाकू शकतो किंवा चार बाजूंचे तीन. फाशांच्या बाजूंची बेरीज क्षमतेपेक्षा जास्त नसावी आणि फासे तीनपेक्षा अधिक नसावेत, एवढीच अट आहे. टाकलेल्या प्रत्येक फाशावर सर्वांत मोठा आकडा पडला तर फासे पुन्हा टाकून नवी बेरीज जुन्या बेरजेत मिळवायची, आणि हा दैवाचा कौल समजायचा. आता हिशेब करून पाहा. किमान ६ हवे असतील तर एका फाशाने यशाची शक्यता सुमारे ५८ टक्के, दोन फाशांनी ७२ आणि तीन फाशांनी ८४ टक्के येते. किमान १० हवे असतील तर चित्र उलटते : एका फाशाने २५, दोन फाशांनी १७ आणि तीन फाशांनी जेमतेम १६ टक्के. आणि १३ हवे असतील, म्हणजे काम पात्राच्या कुवतीबाहेरचेच असेल, तर एका फाशाला बारातून एकदा संधी असते, तर तीन फाशांना चौसष्टातून एकदा.

म्हणजे नेहमीच्या कामात सैनिकाने जपून, बेताने वागावे आणि अशक्य प्रसंगी सगळे एका फाशावर लावावे, हे खेळ न सांगता शिकवतो. आमच्या गटातील एक मित्र व्यवसायाने लेखापरीक्षक आहे आणि तो सवयीने नेहमी तीन फासे उचलतो. समोर काही भयंकर उभे राहिले की तोच मित्र ते तिन्ही फासे शांतपणे खाली ठेवतो आणि बाराचा फासा हातात घेतो. त्या क्षणी टेबलाभोवतीचे बोलणे आपोआप थांबते. प्रसंग किती गंभीर आहे, हे मला वर्णन करून सांगावे लागत नाही.

एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. तीन आणि पाच बाजूंचे फासे येथे लागतात आणि ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत. सहाच्या आणि दहाच्या फाशावरील आकडा निम्मा करून, अपूर्णांक वर धरून काम भागते, पण लढाईच्या ऐन भरात कोणीतरी निम्मे करायला विसरतोच.

भविष्यकथन हा खेळाचा दुसरा आधारस्तंभ. रोमन लष्करात शकुन पाहणे हा कारभाराचाच भाग होता. इ. स. पू. २४९ मध्ये द्रेपाना येथील सागरी लढाईपूर्वी पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, म्हणजे अपशकुन झाला, तेव्हा ‘खात नसतील तर पिऊ द्या’ असे म्हणून पुब्लियस क्लॉडियस पुल्खर या सेनापतीने त्यांना समुद्रात फेकून दिल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि लढाईत त्याने आपले बहुतेक आरमार गमावले हेही खरे. खेळात शकुनवेत्ता हे स्वतंत्र पात्र आहे आणि त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही तारेवरची कसरत असते. उत्तर फार स्पष्ट दिले तर तपासात काही उरत नाही, आणि फार धूसर दिले तर खेळाडू चिडतात. प्रत्येक बैठकीपूर्वी काही शकुन लिहून ठेवण्याची पद्धत मी पाडली आहे. उलट्या दिशेने उडणारे गिधाड, बळीच्या यकृतावरचा डाग, झोपेत ऐकू आलेले एखादे नाव असे तयार असले की आयत्या वेळी शब्दांची शोधाशोध होत नाही. तयारी न करता हा खेळ चालवता येईल असे मला वाटत नाही.

आता प्रश्न राक्षसांचा. पुस्तकातील अमानवी प्राणी आणि शक्ती वाईट नाहीत. पण काही मोहिमांनंतर माझ्या लक्षात आले की खुद्द रोमन लेखकांनी सांगून ठेवलेल्या गोष्टी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक अंगावर येतात, आणि त्यांतील बऱ्याच सैनिकांशी निगडित आहेत. लॅटिनमधील सर्वांत प्रसिद्ध नरवृकाच्या कथेत चांदण्या रात्री थडग्यांमध्ये कपडे उतरवून लांडगा होणारा माणूस कोणी मांत्रिक नाही, तो सैनिकच आहे. रेग्युलस या रोमन सेनापतीच्या सैन्याला आफ्रिकेत बाग्रादास नदीकाठी अजस्र सर्प आडवा आला, त्याच्यावर दगडफेकीची यंत्रे चालवावी लागली आणि १२० फूट लांबीचे त्याचे कातडे रोमला पाठवले गेले, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. मे महिन्याच्या ९, ११ आणि १३ तारखांना लेमुरिया हा मृतात्म्यांना शांत करण्याचा सण पाळला जात असे. त्या रात्री घरचा कर्ता अनवाणी उठून, मागे न पाहता, काळ्या घेवड्याचे दाणे टाकत जाई आणि भुकेल्या पितरांना घराबाहेर जाण्यास नऊ वेळा सांगे. अमावास्येला उतारा टाकणारी वडीलधारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्या आमच्या खेळाडूंना हा विधी समजावून सांगावा लागला नाही.

या सगळ्यात जर्मनीतील ट्युटोबुर्गच्या अरण्यावर मी स्वतः रचलेली मोहीम सर्वाधिक रंगली. इ. स. ९ मध्ये वारुस या सेनापतीच्या हाताखालील १७, १८ आणि १९ या तीन लीजन, म्हणजे हजारो सैनिकांची रोमन पथके, तेथे नष्ट झाल्या आणि ते क्रमांक रोमने पुन्हा कोणत्याही लीजनला दिले नाहीत. सहा वर्षांनी जर्मानिकस हा रोमन सेनापती तेथे पोचला तेव्हा पांढरी पडलेली हाडे आणि झाडांना ठोकलेल्या कवट्या त्याला दिसल्या. जर्मानिकसच्या त्याच मोहिमेत केकिना या अधिकाऱ्याला दलदलीतून रक्ताने माखलेला वारुस वर येत हात पुढे करतो आहे असे स्वप्न पडले, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवले आहे. यावर आणखी काही रचण्याची गरजच नव्हती. मी एवढेच केले की खेळाडूंच्या तुकडीला त्या अरण्यात मुक्काम करायला लावले आणि रोमन छावणीची पद्धत काटेकोर पाळायला सांगितली.

गटातील स्थापत्य अभियंता असलेल्या मित्राने खंदक, मातीचा बांध, चार दरवाजे आणि मधले दोन रस्ते कागदावर मोजून मापून काढले. रात्रीचे चार प्रहर वाटून घेतले गेले, आणि त्या रात्रीचा परवलीचा शब्द लाकडी पट्टीवर लिहून पहाऱ्यांमध्ये फिरवला गेला. तिसऱ्या प्रहरी दरवाजाबाहेर कोणीतरी आले आणि त्याने शब्द सांगितला. शब्द लॅटिन होता, उच्चार शुद्ध होता, फक्त तो त्या रात्रीचा नव्हता. पहाऱ्यावरच्या खेळाडूने तुकडीचे नाव विचारले. बाहेरून उत्तर आले, ‘एकोणिसावी’.

पुढचा जवळजवळ तासभर कोणी तलवार उपसली नाही. बाहेरचे सैनिक हल्ला करीत नव्हते, ते आत येण्याची परवानगी मागत होते, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांची नोकरी अजून संपलेली नव्हती. शेवटी लढाऊ पात्रांनी बांधावरून भाले फेकून पाहिले आणि त्याचा काहीही उपयोग झाला नाही. मार्ग काढला तो मुत्सद्दी पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने, जिला तोवर प्रत्येक लढाईत हात बांधून बसावे लागले होते. सैनिकाने घेतलेली शपथ त्याला सेवामुक्त करेपर्यंत बांधून ठेवते, हा धागा पकडून तिने सम्राटाच्या नावाने त्या लीजनची सन्मानाने सेवामुक्ती दरवाजात उभे राहून जाहीर केली. त्यासाठी १३ हवे होते आणि तिने बाराचा एकच फासा टाकला. १२ पडले, पुन्हा टाकल्यावर ७.

या खेळात भय कशातून निर्माण होते, हे या मोहिमेतून मला पुरते कळले. शिंगे आणि दात असलेला प्राणी समोर आला की खेळाडू डावपेच आखतात. पण छावणी, पहारा, परवली आणि शपथ यांची घडी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली असेल आणि त्या घडीत एखादी वस्तू जागच्या जागी नसेल, तर ते खरोखर अस्वस्थ होतात. म्हणून दैनंदिन लष्करी शिस्तीचे प्रसंग कंटाळवाणे समजून गाळणाऱ्या गटाला हा खेळ सामान्य वाटेल, असा माझा अंदाज आहे.

तक्रारीही आहेत. लढाई संथ चालते, कारण प्रत्येक वेळी प्रत्येक जण फाशांची जुळवाजुळव करीत बसतो, आणि जी पद्धत तपासात रंगत आणते तीच पाच-सहा शत्रूंच्या झुंजीत अडथळा ठरते. आम्ही किरकोळ शत्रूंसाठी फाशांची निवड आधीच ठरवून टाकली, त्यामुळे बराच वेळ वाचला. पुस्तकात लॅटिन संज्ञांचा मारा आहे. सहा गुण आणि सहा विद्या यांची नावे लॅटिनमध्ये पाठ होईपर्यंत नव्या खेळाडूची दमछाक होते, म्हणून आम्ही पात्रपत्रिका मराठीत करून घेतली. वरून आदेश, प्रांतात प्रवास, तपास आणि निवाडा हा मोहिमांचा साचा काही काळानंतर ओळखीचा होतो, तेव्हा मधूनच एखादी मोहीम वरिष्ठांच्या आदेशाविरुद्ध जाणारी ठेवावी. पुस्तकाची छपाई, नकाशे आणि चित्रे मात्र उत्तम आहेत. आमच्या प्रतीचा एक कोपरा वाटेत दुमडला तो पाठवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे, त्याचा दोष पुस्तकाला देता येणार नाही.

सध्या गटाचा आग्रह आहे की पुढची मोहीम भारतात न्यावी, आणि तो अगदीच हवेतला नाही. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आमच्यापैकी काहींनी पाहिली आहे, आणि रोमशी झालेल्या व्यापाराच्या संदर्भात पैठण आणि तेर ही नावे पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या वृत्तान्तातही येतात. शिवाय ४७६ च्या सुमारास विदर्भात वाकाटक हरिषेणाचा काळ चालू आहे आणि अजिंठ्याच्या लेण्यांत काम जोरात आहे. एकाने वेताळ हवाच असा हट्ट धरला आहे, तो मी तूर्त मान्य केलेला नाही. माझी खरी अडचण वेगळी आहे : शकुन पाहण्यासाठी रोमन शकुनवेत्त्याला विधिपूर्वक आखलेले क्षेत्र लागते, आणि ज्या भूमीवर रोमची सत्ता नाही तेथे त्याच्या प्रश्नांना कोणता देव उत्तर देणार? समुद्र ओलांडताच त्याची विद्या निम्मी करावी असा माझा प्रस्ताव आहे. शकुनवेत्ता खेळणाऱ्या मित्राला तो मंजूर नाही, आणि बंदर सोडण्यापूर्वी कोंबड्यांना दाणे टाकून पाहू, असे त्याचे म्हणणे आहे.