मधुमेहींची एमसीआर चप्पल: घेण्याआधी दाबून, उलटून बघा

जळगाव-धुळ्याकडे सर्जिकलच्या दुकानात ‘डायबेटिक चप्पल’ मागितली की बऱ्याचदा मऊ फोमची साधी चप्पल पुढे येते. हातात गुबगुबीत लागते, महिन्याभरात टाचेखाली चपटी होते. मधुमेहाने बधिर झालेल्या तळपायाला ते समजत नाही. खडा रुततो, फोड येतो, फुटतो. साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूंपुढे कमी पडतात आणि जखम चिघळते.

खरी चप्पल एमसीआरची, म्हणजे मायक्रो सेल्युलर रबराची. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी हे रबर आपल्या देशात पूर्वीपासून वापरतात. अंगठ्याने जोरात दाबा: दबलं पाहिजे, पण खालच्या तळाला टेकता कामा नये, आणि सोडताच वर यायला हवं.

मग चप्पल उलटी करा. माल इथेच मार खातो. नुसत्या एमसीआरमधून बाभळीचा काटा आरपार येतो, म्हणून खाली टणक रबराचा जाड तळ हवाच. स्वस्त जोडात तो पातळ असतो. शिवारात जाणाऱ्याने असा जोड घेऊच नये. तळ चिकटवलेला किंवा शिवलेला चालेल, खिळे ठोकलेला नाही. पुढे रुंद वेलक्रो, टाचेमागे पट्टा. पट्टा नसला तर पायातून चप्पल निसटलेलीही कळत नाही. अंगठ्याची चप्पल मुळीच नको, बोटांच्या बेचक्यात घासते.

माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 1 सेंमी जागा राहू द्या. पहिल्या दिवशी घरातच तासभर घाला, मग पाय तपासा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुकानदाराकडे परत न्या.

उणीव एकच, पण आपल्याकडे मोठी: मे महिन्यात पाय घामेजतो. रोज धुऊन बोटांची बेचकी कोरडी करा, तिथे तेल नको. बुरशी तिथूनच सुरू होते. चैत्रात सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांनी नवी चप्पल वाटेवर पहिल्यांदा घालू नये. आणि अनवाणी जायचा नवस असेल तर देवीला माफी मागा; तापलेलं डांबर बधिर पायाला भाजतं आणि घरी आल्यावर कळतं.

जखम उघडी असेल तर ही चप्पल पुरत नाही. लाली पसरतेय, वास येतोय, ताप आहे किंवा बोट काळं पडतंय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.