बटालियनचे मृत सैनिक शोधायचेत? युद्धकबर आयोगाचं संकेतस्थळ

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारा आयोग) याच्या संकेतस्थळावरचा शोध मोफत आहे आणि आडनावापेक्षा पलटणीवरून शोधायला खरा कामाचा. उदाहरणार्थ २ री डॉर्सेट ही ब्रिटिश पलटण: पुण्याच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये ११७ व्या मराठ्यांबरोबर मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेली, २९ एप्रिल १९१६ ला कुतमध्ये शरण आलेली. रेजिमेंट 'डॉर्सेटशायर', युद्ध पहिलं आणि तारखांची मर्यादा घाला. बटालियन वेगळ्या रकान्यात असते. तिथे नुसतं '२' टाकलंत तर इतर बटालियनही येऊ शकतात. यादी एक्सेलमध्ये उतरवून तिथेच चाळणी लावा, ते सोपं.

बसरा स्मारकावरचं नाव म्हणजे ज्ञात कबर नाही, एवढं ध्यानात ठेवा. नोंदीखालची जुनी कागदपत्रं जरूर उघडा. कबरीच्या शिळेवर घरच्यांनी निवडलेली ओळ कधीकधी त्यातच सापडते.

मोठी उणीव: इथे फक्त मृतच. जिवंत परतलेल्यांसाठी ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराची पदक-कार्डं (कोणाला कोणती युद्धपदकं मिळाली याची नोंद) पाहावी लागतात. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या बहुतेक सेवा-फायली १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्या, तेव्हा 'नोंद नाही' याचा अर्थ 'माणूस नव्हता' असा काढू नका.