‘सही ९६ टक्के जुळते’ म्हणणारं ॲप आणि माझे अठरा हजार

कपिल देव यांची सही असलेला फोटो घेताना माझे अठरा हजार गेले, आणि ती सही खरी की खोटी हे तपासायला जे ॲप घेतलं त्याने वर आणखी पैसे काढले. पहिल्या प्रकाराबद्दल सगळे सावध करतात. दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

फोटो प्रसिद्धच आहे. २५ जून १९८३, लॉर्ड्सची बाल्कनी, कपिल देव आणि मोहिंदर अमरनाथ, हातात चषक. खाली निळ्या मार्करची सही. विकणारा क्रिकेटच्या जुन्या वस्तूंच्या एका ग्रुपवर भेटला. बोलायला गोड. ‘सर, आधी खात्री करून घ्या, मगच पैसे पाठवा,’ हे त्यानेच सुचवलं. फोटोवरची सही आणि शेजारी ‘खात्रीची’ म्हणून दुसरी सही, दोन्ही मोठ्या करून पाठवल्या. होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्रही होतं, पण असले स्टिकर रोलने विकत मिळतात, त्यामुळे त्यावर मी विसंबलो नाही. सही स्वतःच तपासायची ठरवली.

सही जुळवणारी ॲप्स मोबाइलवर ढिगाने आहेत. त्यातल्या एकाची जाहिरातच खेळाडूंच्या सह्यांची होती. सुरुवातीला ट्रायल फुकट, फक्त यूपीआयवर एक रुपया भरून ऑटोपे मंजूर करायचं. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या दोन्ही सह्या त्यात टाकल्या, ‘एन्हान्स’ दाबलं आणि धूसर सही एकदम कोरीव झाली. शेवटच्या अक्षराची शेपटी तर इतकी छान निमुळती दिसायला लागली की पेन उचलतानाचा झटका जाणवावा. मग हिरवं वर्तुळ फिरलं: ९६ टक्के जुळते. पैसे पाठवले.

माझे आतेभाऊ नारायण पेठेत ऑफसेटची प्रेस चालवतात. फोटो कुरिअरने आला तसा त्यांना दाखवायला घेऊन गेलो, खरं तर कौतुक ऐकायला. दादांनी भिंग लावलं.

“मार्कर कुठला रे? इंकजेट प्रिंटरवर छापलीय ही. बघ तूच.”

भिंगाखाली निळी रेघ सलग नव्हतीच, आकाशी आणि गुलाबी ठिपक्यांची रांगोळी होती. मार्करची एक रेघ दुसरीवरून जाते तिथे शाई दाट होते. इथे प्रत्येक छेदावर रंग तेवढाच. आणि ॲपने दाखवलेली ती निमुळती शेपटी कागदावर नव्हतीच. रेघ तिथे बोथट संपत होती.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना तो लहान करतं आणि दाबतं, त्यामुळे शेपटीच्या जागी जेमतेम काही पिक्सेल उरले होते. एआयने फोटो मोठा करणारं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी इतर असंख्य चित्रांवरून शिकलेला अंदाज भरतं. दिसतं सुरेख, पण त्यातलं काय मूळचं आणि काय भरीचं हे तुम्हाला कळत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या ‘पल्स’ या फोटो स्पष्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरला बराक ओबामांचा पिक्सेल-पिक्सेल झालेला फोटो दिला, तर त्याने चक्क एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका न्यायाधीशांनी खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. आजीच्या लग्नाचा फोटो उजळायला ही सॉफ्टवेअर वापरा खुशाल. सही तपासायला नको.

आणि ते ९६ टक्के? घरी आल्यावर कॉम्प्युटरवर गिम्प हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर उघडलं. हे फुकट आहे, खरोखरचं फुकट. विक्रेत्याने पाठवलेल्या दोन्ही सह्या कृष्णधवल करून एकावर एक लेयर ठेवल्या, आकार आणि कल सारखा केला, आणि वरच्या लेयरचा मोड ‘डिफरन्स’ केला. त्यात दोन्ही चित्रं सारखी असतील तिथे काळं दिसतं, फरक असेल तिथे उजळ. आजूबाजूचा भाग उजळ राहिला, सही मात्र जवळजवळ पूर्ण काळी झाली. मग माझ्या स्वतःच्या दोन चेकवरच्या सह्या तशाच लावून पाहिल्या, तर उजळ रेघांचा नुसता गुंता. हाताने केलेल्या दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसत नाहीत. त्याची ‘खात्रीची’ सही हीच माझ्या फोटोवर छापलेली होती. ॲप ज्याला अस्सलपणा म्हणून टक्के देत होतं, तीच नक्कल असल्याची खूण होती.

तेव्हा विक्रेत्याकडून फोटो मागवायचा तर ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) सपाट स्कॅन मागा, आणि व्हॉट्सॲपवर असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. मोबाइलने तिरका काढलेला फोटो जुळवायला घेऊ नका. मोठा करताना गिम्पमध्ये इंटरपोलेशन (मधले पिक्सेल अंदाजाने भरायची पद्धत) ‘नन’ ठेवा. चौकोन चौकोन दिसतील, कुरूप दिसेल, पण त्यात नवीन काही घुसणार नाही. तुलनेसाठी दिलेली ‘खरी’ सही कुठून घेतली हेही विचारा. तुलनेचा नमुना विकणाऱ्याने दिलेला असेल तर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, उपयोग शून्य. स्कॅन म्हटल्यावर माझा विक्रेता ‘स्कॅनर बिघडलाय सर’वर आला होता.

ॲपचं राहिलंच. मोबाइलमधून काढून टाकलं तरी ऑटोपे चालू राहतं. ट्रायल संपल्यावर दर आठवड्याला ४९९ रुपये जायला लागले. पैसे कापण्याआधी मेसेज येतो, पण जाहिरातींच्या मेसेजमध्ये तो कोण वाचतो! यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात जाऊन तिथूनच ते रद्द करावं लागतं.

विक्रेत्याने ब्लॉक केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. तीच सही आता दुसऱ्या नावाच्या खात्यावरून, एका छोट्या बॅटवर विकायला आली आहे. त्या जाहिरातीचे स्क्रीनशॉटही तक्रारीला जोडलेत.