‘ड्रॅगन बॉल झी अब्रिज्ड’: चेष्टा करता करता जमून गेलेली मालिका

‘ड्रॅगन बॉल झी’ ही मूळ जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका २९१ भागांची, १९८९ ते १९९६ या काळातली. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा माणूसही कबूल करेल की त्यातला बराच वेळ किंचाळण्यात, शक्ती गोळा करण्यात आणि कडेला उभ्या मंडळींनी ‘केवढी ही ताकद!’ म्हणून डोळे विस्फारण्यात जातो. याला कारण आहे. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) तेव्हा साप्ताहिकात छापून येत होता आणि ॲनिमे त्याच्या मागोमाग धावत होता. कथा पुढे सरकायची वाट बघायची तर भाग ताणण्याशिवाय इलाज नव्हता. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं दहाएक भाग चालतात, ती यामुळेच.

टीमफोरस्टार या गटाने २००८ साली ‘ड्रॅगन बॉल झी अब्रिज्ड’ सुरू केली ती हा फुगवटा कापण्यासाठी. मूळ चित्रफीत तीच, संवाद नवे, आवाज स्वतःचे. सेल या खलनायकाचा निकाल लागेपर्यंतची, म्हणजे मूळच्या १९४ भागांची कथा त्यांनी ६० भागांत आणली. या प्रकाराला ‘अब्रिज्ड’ (म्हणजे संक्षिप्त) हे नाव मिळालं ते २००६ साली लिटलकुरिबो याने यू-ट्यूबवर आणलेल्या ‘यू-गी-ओ’ या दुसऱ्या ॲनिमेच्या विडंबनामुळे. पुढे याच लिटलकुरिबोने इथे फ्रीझाला आवाज दिला. एका अर्थी घराण्याचा मूळपुरुषच खलनायक म्हणून आला.

पाहायला बसण्याआधी एक गोष्ट माहीत असावी: पहिल्या सीझनवरून मालिकेची पारख करू नका. पहिले दहा भाग, म्हणजे सैयन या परग्रही योद्ध्यांच्या आक्रमणाचा टप्पा, आज ऐकवत नाहीत. मायक्रोफोन साधे, खोलीचा घुमारा संवादात उतरलेला, आरडाओरडीच्या जागी आवाज फाटतो आणि शेजारच्या वाक्याला तो इतका खाली जातो की व्हॉल्यूमवरचा हात काढता येत नाही. विनोदही बरेचसे त्या काळातल्या इंटरनेटवरचे. ज्या मीमवर तो विनोद उभा होता तो मीमच विस्मरणात गेला, तर हसायचं कशाला? शिवीगाळ हाच विनोद समजण्याची खोडही इथेच सर्वात जास्त आहे.

तरीही हे दहा भाग गाळू नका, कारण पुढे वर्षानुवर्षं चालणाऱ्या विनोदांची पेरणी इथे झाली आहे. नायक गोकूचा मित्र क्रिलिन याला कुणी बदडलं की पडद्यावर एक आकडा वाढतो. हा हिशेब शेवटपर्यंत चालतो आणि क्रिलिनलाही त्याची कुणकुण आहे. गोकूचा जुना शत्रू पिकोलो गोकूच्या छोट्या मुलाला, गोहानला, ‘चुकव!’ असं ओरडून शिकवतो, पण ओरडण्यात आणि फटक्यात अंतर ठेवत नाही. नॅप्पा हा मूळचा आडदांड मारेकरी इथे लांबच्या प्रवासात कंटाळलेलं पोर झाला आहे आणि त्याचा म्होरक्या, सैयन राजपुत्र व्हेजिटा, वैतागलेला पालक. मेल्यावरही नॅप्पा भूत होऊन व्हेजिटाच्या मागे लागतो. आणि मिस्टर पोपो! मूळ मालिकेतला हा नम्र सेवक इथे सगळ्या विश्वात ज्याला घाबरावं असा एकमेव प्राणी आहे.

याच सीझनमधली एक जागा संपूर्ण मालिकेची रीत दाखवून देते. गोकूची शक्ती ‘नऊ हजारांच्या वर’ असल्याचं व्हेजिटा ओरडतो ते दृश्य इंटरनेटवर इतकं झिजलं होतं की त्याचा विनोद करणं जवळपास अशक्य होतं. (जपानी मूळात तो आकडा आठ हजार आहे, नऊ हजार इंग्रजी डबिंगमध्ये आले.) इथे व्हेजिटा आधी आकडा सांगतो १००६. नॅप्पा खूश होऊन लढायला निघतो. मग व्हेजिटाच्या लक्षात येतं की शक्ती मोजायचं यंत्र उलटं धरलं होतं. इंग्रजी आकड्यांत १००६ उलटे केले की ९००१ होतात. सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य शेवटी येतंच, पण भलत्याच दाराने.

तंत्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रकारात हात घालणारे बहुतेक जण तिथेच आपटतात. ॲनिमेत ओठांची हालचाल मोजक्याच चित्रांवर भागवलेली असते: बंद, अर्धवट, उघडं. त्यामुळे जवळजवळ कोणतंही वाक्य कोणत्याही तोंडात बसवता येतं, असा समज होतो. अक्षरं बसतात, पण लांबी बसत नाही. चित्रातलं तोंड दोन सेकंद हलतं आणि विनोदाला चार लागतात. मग उघडझाप पुन्हा जोडावी लागते, नाहीतर उरलेलं वाक्य पाठमोऱ्या पात्रावर किंवा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर टाकावं लागतं. नवखे लोक सरळ चित्र गोठवतात आणि विनोद तिथेच मरतो. दुसरी अडचण आवाजाची. मूळ फितीत संवाद, संगीत आणि मारामारीचे आवाज एकाच पट्टीत मिसळलेले असतात. संवाद काढायचा तर बाकी सगळंही जातं. म्हणजे प्रत्येक ठोसा, प्रत्येक स्फोट, प्रत्येक सुरावट नव्याने बसवायची. पहिल्या सीझनमध्ये काही ठिकाणी पार्श्वभूमी अचानक सुनी पडते ती यामुळे. तिसऱ्या सीझनपर्यंत मात्र ध्वनीचं काम इतकं सफाईदार होतं की चित्रफीत दुसऱ्याची आहे याचा विसर पडतो.

दुसरा सीझन, भाग ११ ते ३०, नामेकचा. इथे लेखकांना आपलं खरं हत्यार सापडलं. मूळ कथेत ज्या गोष्टी ‘असंच असतं’ म्हणून सोडून दिल्या आहेत त्या हे लोक गंभीरपणे विचारात घेतात. पिकोलो नेल या नामेकवासी योद्ध्याशी एकरूप होतो. मूळ मालिकेत त्यानंतर नेल जणू संपतो. पण दोन माणसं एका डोक्यात राहायला लागली तर दुसरा गप्प कसा बसेल? इथे नेल आतून टोमणे मारत राहतो, आणि पुढे पृथ्वीचा रक्षक कामीही येऊन बसतो तेव्हा पिकोलोच्या डोक्यात दोन भाडेकरूंचा रोजचा कलगीतुरा सुरू होतो. विनोद बाहेरून आणलेला नाही, कथेनेच उघडी ठेवलेली फट आहे ती.

गुरूचं पात्र याच्या बरोबर उलट पद्धतीने केलं आहे. मूळचा तो साधुपुरुष, साऱ्या नामेकवासीयांचा पिता. इथे तो खुर्चीतून न हलणारा, हुकूम सोडणारा, खवचट म्हातारा आहे आणि नेल त्याचा पिचलेला हरकाम्या. त्याच चित्रांवर हा स्वभाव इतका फिट बसतो की मूळ मालिका पुन्हा पाहताना गुरूच्या शांत चेहऱ्यावर विश्वास ठेवणं जड जातं. फ्रीझाबद्दल काय बोलावं. क्रौर्य तसूभरही कमी केलेलं नाही, पण स्वतःच्या दुष्टपणाची त्याला एवढी मौज वाटते की तो पडद्यावर आला की बाकीचे झाकोळतात. लिटलकुरिबोचा आवाज गोड बोलता बोलता चिरकतो त्या जागा पुन्हा ऐकाव्यात अशा आहेत.

तिसरा सीझन, ३१ ते ६०, हा मालिकेचा कळस. भागांची लांबी वाढते, विनोदांची घाई कमी होते आणि पात्रं एकमेकांचं ऐकून बोलू लागतात. गोकू बिनडोक आणि बेफिकीर बाप आहे, पिकोलोच गोहानचा खरा बाप, हा विनोद पहिल्या सीझनपासून चाललेला. त्याची मुळं मूळ कथेतच आहेत: सैयन येण्याआधी पोराला रानात शिकवलं ते पिकोलोने, आणि नामेकनंतर गोकू लगेच घरी न येता यार्ड्रॅट ग्रहावर राहिला. सेलच्या स्पर्धेत गोकू स्वतः माघार घेतो, सेलला सेन्झू दाणा देऊन ताजातवाना करतो आणि मुलाला काही न सांगता त्याच्यापुढे उभं करतो. मूळ मालिकेतही पिकोलो त्याला यावरून झापतो. पण अब्रिज्डमध्ये त्या झापण्यामागे पन्नासेक भागांची थट्टा साचलेली असते, म्हणून ती अंगावर येते. इतके दिवस ज्यावर हसलो ती त्या पोराच्या आयुष्यातली खरी उणीव होती, हे तिथे कळतं. टॅकाहाटा१०१ने रंगवलेला सेल, मॅसाकोएक्सचे गोकू आणि गोहान, लॅनिपेटरचा व्हेजिटा, सगळ्यांचं उत्तम काम इथे आहे. तीन तुकड्यांत आलेला साठावा भाग एका बैठकीत बघावा. यंत्रमानव अँड्रॉइड १६ आणि गोहान यांच्यातला प्रसंग मूळापेक्षा सरस उतरला आहे, हे मत वादग्रस्त असेल, पण मागे घेण्याचं कारण दिसत नाही.

उणिवा मात्र शेवटपर्यंत राहतात. स्त्रीपात्रांच्या वाट्याला तुलनेने थोडं येतं. गोकूची बायको ची-ची बराच काळ नुसती आदळआपट करते, तिच्या रागाला असलेलं रास्त कारण लेखकांना उशिरा दिसतं. गोकूचा साथीदार यामचा याच्यावरचे विनोद एकाच खुंटीवर टांगलेले. अमेरिकन टीव्ही, गाणी आणि व्हिडिओ गेम यांचे संदर्भ इतके आहेत की काही संवाद डोक्यावरून जाणारच. बोलण्याचा वेगही भलताच आहे, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकं मिळाली तर सुरू ठेवावीत. आणि हे लहान मुलांसाठी नाही: शिव्या, नशेचे उल्लेख आणि लैंगिक विनोद भरपूर आहेत. चित्रं कार्टूनची म्हणून पोरांच्या हाती देऊ नये.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. मूळ मालिका निदान सेलपर्यंत पाहिलेली हवी, नाहीतर अर्ध्या जागा वाया जातात. जुन्या आठवणीवरही चालतं, प्रत्येक प्रसंग तोंडपाठ असण्याची गरज नाही. मग भाग १ ते ३०. फ्रीझाचा शेवट येण्याआधी गोकूचा बाप बार्डॉक याच्यावरचा विशेष भाग पाहिला तर सूडाची बाजू नीट कळते. भविष्यातून येणाऱ्या ट्रंक्सच्या काळावरचा विशेष भाग तिसऱ्या सीझनमध्ये ट्रंक्सची ओळख झाल्यावर पाहावा. तो आधी पाहिला तर ट्रंक्सच्या आगमनातली गंमत जाते, आणि अगदीच टाळला तर तो एवढा चिडचिडा का, हे उमगत नाही. ब्रोलीवरचा विशेष भाग स्वतंत्र आहे, केव्हाही चालेल. पहिल्या सीझनमध्ये कंटाळा आलाच तर एका वेळी दोन-तीन भागच बघावेत. एका दमात दहा पाहिले की आवाजाचा गोंगाट डोक्यात बसतो.

भाग सापडण्याची अडचण येऊ शकते. मालिकेच्या सुरुवातीला ही विनानफ्याची, चाहत्यांनी केलेली थट्टा आहे आणि अधिकृत प्रत विकत घ्या, अशी सूचना येते; पण मालकी हक्क शोधणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेला त्याचं काय? चित्र आणि संगीत जुळलं की दावा लागतो. कॉपीराइटच्या दाव्यांनी या मालिकेचे भाग अधूनमधून गायब झाले आहेत. दुसऱ्याच कुणी चढवलेल्या प्रती टाळाव्यात, त्यांत दावा चुकवण्यासाठी आवाजाची पट्टी बदललेली किंवा चित्र उलटं केलेलं असतं. या मालिकेत आवाज हेच सर्वस्व असल्याने अशी प्रत पाहणं म्हणजे न पाहण्यासारखंच.

सेलनंतरचा खलनायक बू याची कथा इथे मिळणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गटाने मालिका सेलपाशीच संपल्याचं जाहीर केलं. चुटपुट लागते खरी, पण सेलनंतर मूळ कथाच स्वतःची चेष्टा करू लागते, मग विडंबनाला उरतं काय? नंतर ‘बू बिट्स’ नावाने त्या पर्वातल्या प्रसंगांवर त्यांनी छोटे तुकडे केले. सलग कथा म्हणून ते बघायला गेलात तर निराशा होईल. सुटे चुटके म्हणून, साठावा भाग संपवून चार-आठ दिवस गेल्यावर बघितले तर चांगले लागतात.