हायब्रिड गाडीत अ‍ॅक्सेसरी: शोरूममधून की बाहेरून?

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी गाडी, बुक केली की डिलिव्हरीच्या आधीच अ‍ॅक्सेसरीची यादी हातात पडते. मग प्रश्न येतो: सगळं शोरूममधूनच घ्यायचं, की काही बाहेरून आणून घरीच बसवायचं? मी दोन्ही केलंय. हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी, गाडी कुठलीही असो, थोड्याफार फरकाने हेच लागू पडावं.

पैशात बाहेरचं दुकान जिंकतं, निवडही तिथे जास्त. शिवाय घरी करण्याची मजा वेगळीच. पिलरचं ट्रिम हलक्या हाताने सोडवायचं, डॅशकॅमची वायर रूफ लायनिंगखाली सरकवायची. शोरूममधला फिटर हेच काम डिलिव्हरीच्या घाईत उरकतो.

वॉरंटी लोक म्हणतात तशी सरसकट उडत नाही. साधारणपणे बाहेरच्या पार्टमुळे किंवा बदलामुळे झालेला बिघाड तेवढा वगळलेला असतो. मॅट बदलल्या म्हणून कोणी मोठ्या बॅटरीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी नाकारणार नाही. गोची एवढीच की बिघाड कशामुळे झाला, हे आधी सर्व्हिस सेंटरवालेच ठरवतात.

हायब्रिडमध्ये नेमकं हेच नडतं. मोठी बॅटरी भरलेली असली तरी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की गाडी 'रेडी'वर, म्हणजे चालायला तयार अवस्थेत, येतच नाही. साध्या गाडीत इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर इथे नाही, छोटीला चार्जिंग मोठीकडूनच, तेही गाडी 'रेडी' असताना. त्यामुळे पार्किंग मोडमधला, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू राहणारा डॅशकॅम रात्रभर छोटीवरच जगतो.

माझ्या डॅशकॅमने बॅटरी कधी उतरवली नाही. पण एका सर्व्हिसिंगला अ‍ॅडव्हायझरने फ्यूज बॉक्सचं झाकण उघडलं, माझा फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून डॅशकॅमला वीज देणारा जोड) पाहिला, मोबाइलवर फोटो काढला आणि जॉब कार्डवर 'आउटसाइड वायरिंग फाउंड' लिहून माझी सही घेतली. झालं! त्यानंतर मागची काच अडकते म्हणा, नाहीतर डॅशबोर्ड खडखडतो म्हणा, उत्तर तिथूनच सुरू: "सर, बाहेरचं वायरिंग आहे ना तुमचं..." क्लेम शेवटी मंजूर व्हायचे, नाही असं नाही. पण दर वेळी मॅनेजरच्या टेबलासमोर अर्धा दिवस. काच आणि डॅशकॅम यांचा संबंध काय, हे मीच समजावून सांगायचं. तुमचं सर्व्हिस सेंटर कदाचित समजूतदार असेल.

शोरूमचा डॅशकॅमही वीज त्याच बॅटरीची खातो. पण त्याच्या बिलावर पार्ट नंबर असतो, बसवणाराही त्यांचाच माणूस. वाद झालाच तर तो त्यांच्या घरातला. मला विचाराल तर त्या जास्तीच्या पैशात हीच शांतता मिळते, आणि वॉरंटी इतकी लांब असताना ती महाग वाटत नाही.

म्हणून वायर लागणारं सगळं मी आता शोरूममधून घेतो. मॅट, सनशेड, मोबाइल होल्डर खुशाल बाहेरून. सीट कव्हर बाहेरून घेताना मात्र एक बघा: काही हायब्रिडमध्ये मागच्या सीटपाशी बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते, ती कव्हरखाली झाकली जाता कामा नये. बाहेरून सीएनजी किटचा विचार असेल तर माझं मत विचारूच नका. आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी रंगाच्या हाय-व्होल्टेज केबलला घरी हात लावायचा नाही, तिथे वॉरंटीपेक्षा जिवाचा प्रश्न आहे.