झाडीतल्या घरात चौदा महिने: वापरानंतरचा अनुभव

दाट झाडी असलेल्या जागेवरचे घर घ्यावे की नाही, यावर आमच्या घरात जवळपास पाच महिने खल चालला होता. अखेर ते घेतले, आणि तिथे राहायला येऊन आता चौदा महिने झाले आहेत. म्हणजे सगळे ऋतू एकेकदा आणि पानगळ दोनदा अनुभवून झाली आहे. पुन्हा ठरवायची वेळ आली तरी मी हेच घर घेईन, मात्र या वेळी झाडांचा हिशेब मांडल्याशिवाय किमतीची बोलणी करायला बसणार नाही.

घर पाहायला गेलो तेव्हा आम्ही दोन तास आत होतो. नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून-मिटून पाहिल्या, भिंतींवर हात फिरवून ओल तपासली. झाडांच्या वाट्याला मात्र गच्चीवरून पाहिलेली पाच मिनिटे आली, तीही ‘किती सुंदर आहे’ एवढे म्हणण्यापुरती. आमच्या जागेत एकूण ४३ मोठी झाडे आहेत, पण घराच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती नऊच: ज्यांची उंची त्यांच्या बुंध्यापासून घरापर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त आहे, म्हणजेच जी आडवी झाली तर छपरावर येतील. उंची मोजायला कोणतेही यंत्र लागत नाही. हात ताठ करून काठी उभी धरायची, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढे अंतर असेल तेवढीच काठी मुठीच्या वर ठेवायची, आणि झाडाचा बुंधा मुठीशी व शेंडा काठीच्या टोकाशी जुळेपर्यंत मागे सरकत जायचे. जुळले की तिथून झाडापर्यंतचे अंतर हीच सपाट जमिनीवर त्याची अंदाजे उंची. हे काम घर घेण्याआधी अर्ध्या तासात झाले असते.

आम्ही झाडांच्या जाणकाराला बोलावले ते तिसऱ्या महिन्यात, आणि तेही एक वाळकी फांदी गाडीपासून हातभर अंतरावर पडल्यामुळे. त्यांनी वर पाहिलेच नाही. मागच्या कोपऱ्यातल्या सर्वांत डेरेदार झाडाच्या बुंध्याशी साचलेला पाचोळा त्यांनी पायाने बाजूला केला, आणि खाली तळहाताएवढी, कडेला पांढरट असलेली तपकिरी बुरशी खोडाला फळीसारखी चिकटलेली निघाली. मग लाकडी हातोड्याने त्यांनी खोडाला गोल ठोकत प्रदक्षिणा घातली. तीन बाजूंना भरीव आवाज आला आणि चौथ्या बाजूला, बरोबर घराच्या दिशेला, रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. तिथे बारीक लोखंडी सळई फारसा जोर न लावता वीतभर आत गेली. पानांवरून यातले काहीच कळत नव्हते, कारण झाडाचे पाणी खोडाच्या बाहेरच्या थरातून वर चढते आणि गाभा कुजत असतानाही पालवी हिरवीगार दिसू शकते.

ते झाड काढण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागली. अनेक ठिकाणी आपल्याच जागेतले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वी स्थानिक नियमांत पाहून घ्यावी. आम्हाला ती मिळायला सहा आठवडे लागले, आणि त्या काळात वारा सुटला की आम्ही अंथरुणे उचलून पुढच्या खोलीत झोपायला जात असू. क्रेन मागच्या बाजूला पोहोचत नसल्यामुळे माणसे दोरावर चढवून, एकेक तुकडा बांधून खाली सोडावा लागला. हा खर्च आमच्या कर्जाच्या तीन हप्त्यांएवढा झाला. म्हणून झाडाची प्रकृती पाहताना त्याच्यापर्यंत गाडी पोहोचते का, हेही पाहावे.

दुसरी एक खूण मला आता रस्त्याने जातानाही दिसते. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीशी पसरत मुळांत उतरतो. तो विजेच्या खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला दिसला, तर बहुधा कोणीतरी त्याच्याभोवती भर घातलेली असते. आमच्या प्रवेशद्वाराजवळच्या दोन झाडांचे तसेच आहे. अंगण सपाट करताना तिथे फूटभर माती टाकली गेली. झाडाची बहुतेक मुळे वरच्या साठेक सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे बरीच दूर जातात, त्यामुळे वर भर पडली किंवा बांधकामाच्या गाड्यांनी जमीन दाबली गेली की मुळांना हवा मिळेनाशी होते. याचा परिणाम लगेच दिसत नाही. शेंड्याकडून वाळायला काही वर्षे जातात. झाडीत नव्याने बांधलेले घर घेणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

मुळे पाया फोडतात, ही भीती मात्र आम्हाला गरजेपेक्षा जास्त घालण्यात आली होती. मुळे धडधाकट नळी सहसा फोडत नाहीत. सांध्यातून ओल पाझरत असेल तर तिथून आत शिरतात आणि मग नळी तुंबवतात. आमची सांडपाण्याची नळी आतून कॅमेरा घालून तपासली, तेव्हा एकाच जुन्या सांध्यात केसांच्या गुंत्यासारखी मुळे सापडली. खरा धोका चिकणमातीचा आहे. अशा जमिनीतले पाणी मोठी झाडे कोरड्या दिवसांत ओढून घेतात, माती आकसते आणि पाया असमान खचतो. घाबरून झाड तोडले तर तीच माती पाणी धरून फुगते आणि भेगा उलट बाजूने पडतात. भिंतीवर तिरक्या भेगा दिसत असतील, तर कुऱ्हाडीआधी बांधकाम अभियंत्याला बोलवावे.

रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त वेळ खातात त्या छताच्या पन्हळी. पानगळीत त्या दर पंधरवड्याला साफ कराव्या लागतात. एकदा आम्ही आळस केला, तर पन्हळीतल्या काळ्या चिखलात बोटभर उंचीची अकरा रोपे उगवलेली सापडली आणि तुंबलेले पाणी वळचणीतून आतल्या छतात उतरले होते. पन्हळींवर जाळी बसवल्यावर मोठी पाने अडतात, पण फुलोरा आणि बारीक काटक्या त्यातूनही जातात. छताला टेकणाऱ्या फांद्या दोन-तीन मीटर मागे छाटल्यावर माळ्यावरचा उंदरांचा वावर पुष्कळ कमी झाला. आधीच्या मालकांनी मागच्या भिंतीला लागून रचलेला लाकडांचा ढीगही हलवला, कारण तो वाळवीला घराची वाट दाखवतो आणि आग लागली तर तिलाही. वणव्याची शक्यता असलेल्या भागात घराभोवतीच्या पहिल्या दीड मीटरमध्ये पेट घेणारे काहीच नसावे आणि लाकडाचा साठा किमान नऊ मीटर दूर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे.

उजेड कमी आहे, याची सवय झाली असे म्हणवत नाही. स्वयंपाकघरात दुपारीही दिवा लागतो, आणि छतावर सौरपट लावायचा बेत सोडून द्यावा लागला, कारण थोड्या भागावर सावली पडली तरी वीजनिर्मिती सावलीच्या मानाने कितीतरी जास्त घटते. आवाजाच्या बाबतीतही अपेक्षा माफक ठेवावी. दाट लागवडीचा तीस मीटर रुंद पट्टा आवाज पाच ते आठ डेसिबलने कमी करतो, त्यामुळे रस्ता आणि घर यांच्यामधल्या झाडांच्या एका रांगेने वाहने दिसेनाशी होतात, पण ऐकू यायची थांबत नाहीत. उन्हाळ्यात मात्र या घराला तोड नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर सावली असल्याने ती संध्याकाळी हाताला गार लागते आणि पंख्यावर भागते. त्या बाजूची झाडे पानगळीची असल्यामुळे थंडीत तिथूनच ऊनही आत येते. विकत घेताना झाडे कोणत्या दिशेला आहेत आणि सदाहरित आहेत की पानगळीची, हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते. ते जुळून आले हे आमचे नशीब.

विमा उतरवताना झाड पडून होणारे नुकसान त्यात धरले आहे का आणि दुर्लक्षित झाडासाठी दावा नाकारला जातो का, हे लेखी विचारून घ्यावे. हद्दीवरच्या झाडांची मालकी मोजणी करूनच ठरवावी. आमचे समजून पाणी घातलेले एक झाड शेजाऱ्यांचे निघाले. त्या नऊ झाडांपैकी आता आठ उरली आहेत. प्रत्येकाला क्रमांक घातला आहे, आणि दर सहा महिन्यांनी व प्रत्येक मोठ्या वादळानंतर बुंध्याचा पाचोळा सारून मी त्यांची पाहणी करते. पाच क्रमांकाच्या झाडाची फांदी जिथे फुटते तिथे सालीची घडी आत दबलेली आहे. तो सांधा कच्चा असतो, म्हणून पुढच्या महिन्यात ती फांदी हलकी करून घ्यायची आहे.